गादी, सनद आणि अकरावीचा वर्ग: साताऱ्याचा परंपरानिष्ठ राजकीय वारसा शिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाला अकरावीच्या मुलांसाठी वर्षभराचा उपक्रम आखायचा आहे. विषय आहे या भागातलं परंपरा राखू पाहणारं राजकारण: छत्रपतींची गादी, संस्थानं, नेमस्त (म्हणजे मवाळ) वकील मंडळी, वतनदार (गावचे वंशपरंपरागत हक्क असलेली घराणी). हा वारसा जपला जावा, मुलांपर्यंत पोचावा, पण वर्गाची प्रचारसभा होऊ नये. सुरुवात कुठून करावी, वाचायला काय द्यावं, आणि गाडी कुठे घसरते?

आधी एक नकार. सुरुवात शिवकालापासून करू नका. शिवाजी महाराजांनी नवं राज्य उभं केलं. असलेलं टिकवण्याचं राजकारण साताऱ्यात सुरू होतं ते पुढे. शिवाय शिवकाल घेतला की पहिल्या महिन्यात पोवाडा, दुसऱ्यात ढोल-ताशा आणि तिसऱ्यात फ्लेक्स, असा उपक्रमाचा प्रवास होतो. कागद कुणी उघडत नाही. तुमचा खरा आरंभबिंदू १८१८-१९ आहे. पेशवाई बुडाली, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ चा तहनामा झाला. आपल्याकडे काय उरलं आहे आणि ते कोणत्या आधारावर राखायचं, हा प्रश्न तिथून पुढे सव्वाशे वर्षं या भागात वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवला. तेच तुमचं अभ्यासक्रमाचं सूत्र.

यातली माणसं एका माळेचे मणी नाहीत, हे मुलांना पहिल्याच तासाला कळलं पाहिजे. संस्थानिकांना गादी आणि तिचे हक्क राखायचे होते: सातारा, औंध, फलटण, आणि खाली सांगली, मिरज, जत. नेमस्तांना राखायची होती सनदशीर रीत, म्हणजे अर्ज, कायदेमंडळ, हिशेबाची भाषा. साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, ती याच वळणाची. काही वर्षं साताऱ्यात वकिली केलेले न. चिं. केळकर १९२६ च्या सुमारास प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार करत होते, म्हणजे कौन्सिलावर बहिष्कार न घालता आत बसून भांडायचं. वाईच्या शास्त्र्यांची गोष्ट निराळीच. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे आणि त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मग्रंथांच्या आधारेच अस्पृश्यतेविरुद्ध बाजू मांडली. आणि गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांची वतनं. या चौघांना एका शब्दात कोंबलं की मुलं फक्त तो शब्द पाठ करतात.

आठवड्याला एक तासिका धरली तर सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग वजा जाता हातात तीसच्या आतबाहेर तासिका राहतात. त्यातल्या आठ-नऊ एकट्या प्रतापसिंह प्रकरणाला द्या. हे प्रकरण वर्गासाठी सोन्यासारखं आहे, कारण ते तलवारीने लढलं गेलं नाही, तहाच्या कलमांवर लढलं गेलं. महाराजांचं म्हणणं होतं की जहागीरदारांवरचे आपले हक्क मुंबई सरकार तहाप्रमाणे मानत नाही. सरकारने उलट आरोप ठेवले: पलटणीतल्या शिपायांना फितवणं, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणं. १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यात आले आणि त्यांनी तोड सुचवली: दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. त्यांना काशीला पाठवलं, तिथेच १८४७ मध्ये ते वारले.

इथे थांबून वर्गाचे तीन गट करा. एका गटाने सही करावी या बाजूने टिपण लिहायचं, दुसऱ्याने करू नये या बाजूने, तिसऱ्याने एखाद्या जहागीरदाराच्या भूमिकेतून. टिपण एक पान, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तहनाम्यातलं किंवा पत्रव्यवहारातलं वाक्य. वाक्य नसेल तर मुद्दा खोडायचा. पहिल्या खेपेला निम्मे मुद्दे खोडले जातात, आणि शिकणं तिथेच घडतं. गादी राखण्यासाठी सही करणं हे परंपरानिष्ठ, की गादीची अब्रू राखण्यासाठी न करणं? यावर सतरा वर्षांची मुलं उत्तम भांडतात. तिसरा गट मात्र बहुधा गप्प बसतो, कारण जहागीरदाराला काय हवं होतं याचा विचार त्यांनी कधी केलेला नसतो. त्यांना एवढंच सुचवा: दूरचा मालक बरा की जवळचा?

पुढचा भाग रंगो बापूजी गुप्ते यांचा. महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहून अर्ज, पुस्तिका, कंपनीच्या भागधारकांच्या सभांतली भाषणं या मार्गाने झुंजले. दरम्यान प्रतापसिंहांच्या जागी गादीवर आलेले त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये वारले, दत्तक नामंजूर झाला आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत त्याविरुद्ध होतं, हे आवर्जून सांगा. नाहीतर मुलांच्या डोक्यात इंग्रज नावाचा एकच माणूस राहतो. शेवट १८५७ चा: साताऱ्यातला कट फुटला, सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम होते, आणि स्वतः रंगो बापूजी बेपत्ता झाले ते कायमचे. बापाने चौदा वर्षं सनदशीर मार्ग चालून पाहिला आणि घराण्याची अखेर अशी झाली. शिक्षकाने इथे निष्कर्ष सांगू नये. मुलं काढतात, आणि वेगवेगळे काढतात.

एक खड्डा याच प्रकरणात आहे. ब्राह्मण असलेले बाळाजीपंत नातू महाराजांच्या विरोधात होते. रंगो बापूजी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. आणि त्या काळात साताऱ्यात ब्राह्मण-प्रभूंमधला ग्रामण्याचा, म्हणजे धार्मिक अधिकार आणि जातीचा मान यांचा, वाद तापलेला. आडनावं फळ्यावर आली की वर्ग जातीवर वाटला जातो. उपाय म्हणजे वाद लपवणं नव्हे. वादाची एक स्वतंत्र तासिका आधीच घ्या, कुणाला कोणता मान हवा होता ते सरळ सांगा, आणि मग तहाच्या कागदांकडे वळा. उलट क्रमाने केलं तर पुढचे सगळे कागद आडनावाच्या चष्म्यातून वाचले जातात.

औंधला पाच-सहा तासिका पुरतात, पण एक दिवस प्रत्यक्ष जायला ठेवा. बहुतेक सहली यमाईचं दर्शन आणि भवानी संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं एवढ्यावर संपतात. चित्रं जरूर बघा, पण जाण्याचं कारण दुसरं आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेकडे सोपवत असल्याचं जाहीर केलं आणि २१ जानेवारी १९३९ ला स्वराज्य संविधान अमलात आलं. घटनेच्या आखणीत गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र आप्पासाहेब पंत यांची मेहनत. संस्थान केवढं? बहात्तर गावं, सुमारे ७५ हजार वस्ती, आणि औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे एकमेकांपासून तुटलेले चार तालुके. प्रत्येक गावात पाच जणांची निवडलेली पंचायत, पंचायतींतून तालुका समिती, तिच्यातून वरची सभा, आणि महसुलाचा मोठा वाटा गावाकडेच.

शाळेत सूर्यनमस्कार घालायला लावणारा, कीर्तन करणारा, देवीचा भक्त असलेला राजा स्वतःहून सत्ता सोडतो, हे मुलांच्या ठरीव साच्यात बसत नाही. म्हणूनच ते शिकवायचं. वर्गात पंचायत निवडून पाहा. एक अट घाला: मत फक्त साक्षराला. त्या घटनेत ती अट होती. वर्गातल्या तीसपैकी बावीस मुलांना चिठ्ठ्या काढून ‘निरक्षर’ ठरवा आणि उरलेल्या आठांना पाच पंच निवडू द्या. दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू होतो. मग विचारा की राजाने ही अट का मानली असेल: लोकांनी शिकावं म्हणून, की जुनी वजनदार मंडळीच पुढे राहावीत म्हणून? दोन्ही उत्तरांना आधार शोधता येतो. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांची खुली वसाहत, याच काळातलं. वेळ असेल तर सहलीत घ्या, पण तुरुंग खात्याची परवानगी आधी विचारून घ्या.

धनजीशा कूपर यांना दोन तासिका द्या, कारण ते कुणाच्याच गणितात बसत नाहीत. साताऱ्याचे पारशी उद्योजक, लोकल बोर्डाच्या राजकारणात मुरलेले, ब्राह्मणेतर मंडळींशी जोडलेले आणि सरकारशी जुळवून घेणारे. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला तेव्हा १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. जिल्ह्यातल्या किती मुलांना हे माहीत असतं, ते पहिल्याच मिनिटाला हात वर करायला सांगून बघा.

फलटण, सांगली, जत यांना प्रत्येकी एक तक्ता पुरे: राजघराणं, १९४८ चं विलीनीकरण, त्या घराण्याने काढलेल्या शाळा-कॉलेजं, पाटबंधारे. दख्खनची ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात गेली. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ चा, त्याचं सांगली नाव १९६० चं. हे नकाशावर दाखवलं नाही तर कुंडल आणि आटपाडी ‘औंधची’ कशी, हे मुलांना शेवटपर्यंत उमगत नाही.

आता कागदांकडे. वारसा जपण्याचं खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त नासधूसही इथेच होते.

मोडीचा गट वर्गाबाहेर, ऐच्छिक ठेवा: पंधरा-वीस मुलं, आठवड्याला दोन तास, एक सत्र. आंग्लकालीन मोडीपासून सुरुवात करा, पेशवेकालीनपासून नको. घरोघरी जे कागद सापडतात ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले आणि विसाव्याच्या पहिल्या अर्धातले असतात, आणि टाकाने लिहिलेलं अक्षर बोरूपेक्षा सुटं असतं. मुलं अडतात ती अक्षरांवर नव्हे. आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ एकच असतं. म्हणून वर्णमाला दोन आठवड्यांत उरका आणि लगेच मायने, म्हणजे पत्राची ठरीव सुरुवात-शेवट, घ्या: ‘विनंती उपरि’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’, मौजे-तर्फ-परगणे यांची संक्षेपं. मायना ओळखला की पत्राची पहिली आणि शेवटची ओळ आपोआप सुटते, मधलं मग जमतं.

तारखा हा दुसरा अडसर. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसलीत ५९० किंवा ५९१. शुहूर सनात (मराठी दप्तरांतली अरबी कालगणना) मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. आणि तो आकड्यांत नसतो, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा अरबी संख्याशब्दांत असतो. हे उदाहरण म्हणजे ११६१, त्यात ६०० मिळवले की पानिपताचा जानेवारी १७६१ येतो. मुलांना ताळा पटतो. साताऱ्याच्या कागदांत राज्याभिषेक शकही दिसतो, त्यात १६७३ किंवा १६७४ मिळवा. हा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येकाच्या वहीत असू द्या.

कुणाच्या घरचा रुमाल (कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा) उघडायला मिळाला तर क्रम असा. आधी संमतीपत्र: मालकाचं नाव, किती कागद, फोटो काढायची परवानगी, छापायची परवानगी वेगळी. मूळ कागद शाळेत आणायचेच नाहीत. फोटो त्यांच्या घरीच काढायचे. रुमाल सोडण्याआधी बांधलेल्या स्थितीत एक फोटो. कागद ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रम मोडायचा नाही, मग तो कितीही विस्कळीत वाटो. कोणता कागद कशाच्या शेजारी होता हाही पुरावा असतो. हात धुऊन कोरडे करायचे, पान उलटताना थुंकी नाही, पेन नाही, फक्त शिसपेन्सिल. फोन स्टँडवर आडवा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, फ्लॅश बंद, कडेला सेंटिमीटरची पट्टी. स्कॅनर असेल तर ३०० ते ४०० डीपीआय. नाव देताना घर, रुमाल, पान असे तीन आकडे, आणि मूळ फोटोला हात न लावता काटछाट नेहमी प्रतीवर.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी हे कागदाचे दोन मोठे शत्रू. ‘टिकावं म्हणून’ सनद लॅमिनेट करून आणणारे लोक भेटतात. उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा जातो, पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेलं तसंच राहू द्या, लिफाफ्यात ठेवा. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे बुरशीचा त्रास, तर माण, खटाव, आटपाडी, जतकडे कागद कोरडा पडून घडीवर तुटतो आणि वाळवी लागते. म्हणून पश्चिमेकडे जुलै-ऑगस्टमध्ये रुमाल उघडूच नका. ओल लागलेली असेल तर सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुकवा, उन्हात नव्हे. पूर्वेकडे घडी जबरदस्तीने उलगडू नका. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड, वर पुठ्ठ्याची पेटी, पेटी भिंतीपासून वीतभर दूर. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच तर पुरचुंडीत, थेट कागदावर नको, डाग पडतात.

मग खरं-खोटं. वतनाच्या भांडणांत बनावट सनदा भरपूर झाल्या. छत्रपतींच्या नावाची सनद आणि कागदात एकोणिसाव्या शतकातला पाणछाप (वॉटरमार्क) दिसला की मुलं ‘खोटी’ म्हणून ओरडतात. घाई करू देऊ नका. ती नक्कल असू शकते, इनामाच्या चौकशीच्या वेळी मूळ कागदावरून काढलेली. ‘नक्कल’, ‘तालीक’ असा शेरा कडेला आहे का ते बघा. कैफियती मात्र नेहमी सांभाळून वाचा. घराण्याने आपला हक्क सिद्ध करायला लिहिलेला मजकूर तो; त्यातला पूर्वज नेहमी शूर असतो आणि शेजारचा वतनदार नेहमी लबाड.

घराघरांत कागद नसतील तरी अडत नाही. सातारा महाराजांचं दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. द. ब. पारसनीसांनी साताऱ्यात जमवलेला मोठा संग्रह १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजकडे गेला. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून छापलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ जुन्या ग्रंथालयांत मिळतो, आणि तो नागरीत असल्याने मोडी न येणाऱ्यांनाही वाचता येतो. सांगली-मिरजेच्या शाळांनी तिथूनच सुरुवात करावी.

वतनाच्या कागदांबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, जमीन. लोकांना वाटतं, शाळा कागद मागते म्हणजे कुणीतरी सातबाऱ्यावर डोळा ठेवून आहे. म्हणून १९५० नंतरचे कागद, वाटणीपत्रं, कोर्टाचे निकाल मागूच नका, आणि हे संमतीपत्रात लिहून द्या. दुसरी, जात. बलुत्यांच्या याद्यांत माणसं जातीने आणि हीन शब्दांत नोंदलेली असतात. मजकूर गाळू नका, पण वर्गात देताना आजच्या घराशी जुळणारी नावं झाका, आणि ज्यांच्या वाट्याला त्या व्यवस्थेत फक्त राबणं आलं त्यांची बाजू त्याच तासिकेत ठेवा. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा (भीमराव) रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. राजवाडा दाखवायला नेताना ही गोष्ट न सांगणं म्हणजे अर्धाच वाडा दाखवणं.

विरोधी बाजू हा उपक्रमाचा भाग धरा, परिशिष्ट नव्हे. हा जिल्हा सत्यशोधकांचाही आहे. १९१९-२१ च्या सुमारास इथल्या कुळांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध उठाव केला. १९४३ पासूनचं नाना पाटलांचं प्रतिसरकार (इंग्रजांना समांतर चालवलेलं भूमिगत सरकार) कुंडल परिसरातच रुजलं, म्हणजे औंधच्या राजाने पंचायती दिलेल्या मुलखात. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं बसलेली असतात. पंचायत मिळालेल्या भागात प्रतिसरकार का फोफावलं, हा प्रश्न सत्राच्या शेवटी प्रकल्प म्हणून द्या.

मुलाखती घ्यायच्या तर यंदाच घ्या. संस्थान पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ‘राजेसाहेब कसे होते?’ विचारलं की ‘देवमाणूस’ असं उत्तर येतं आणि मुलाखत संपते. शेतसारा कुठे भरायचा, शाळेत फी होती का, दसऱ्याला कोण कुठे बसायचं, विहिरीवर कुणाला मज्जाव होता, असं विचारा. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका, आणि घरातलं कुणीतरी शेजारी असू द्या.

गाडी घसरते ती बहुतेक वेळा पैशापाशी. एखादं घराणं किंवा पुढारी देणगी देतो आणि मग उद्घाटनाला भाषण, मुखपृष्ठावर फोटो, पुढे ‘आमच्या आजोबांवर एक पाठ’ अशी मागणी येते. देणगी घ्याच, पण पुठ्ठे, पेट्या, हार्ड डिस्क अशा वस्तूंच्या रूपात, आणि पाठ कोण निवडणार हे आधी कागदावर. चालू राजकारणातला वक्ता बोलावू नका, कुठल्याच पक्षाचा. निवडणुकीच्या हंगामात तर जाहीर कार्यक्रमच नको. निबंध स्पर्धा टाळा, तिथे गौरवाला बक्षीस मिळतं. त्याऐवजी गुण द्यायचे ते एका कागदाच्या वाचनाला: लिप्यंतराला दहा, तारीख आणि प्रकार ओळखायला पाच, कागद काय सांगत नाही हे लिहायला दहा. शेवटच्या प्रश्नावरच हुशार मुलं वेगळी दिसतात.

वर्षअखेर फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा आणि दर जूनमध्ये त्या उघडून बघा. ज्या घराने रुमाल दाखवला त्यांना सगळे फोटो आणि मोठ्या टाइपात छापलेलं नागरी लिप्यंतर नेऊन द्या, शक्यतो दिवाळीत, सगळे घरी असताना. पणजोबांचा कागद पहिल्यांदा वाचता आला की भावकीतून दुसरा रुमाल बहुधा तिथेच निघतो. कोरं संमतीपत्र सोबत असू द्या.